खाणीचा शेवट आणि कादंबरीचा शेवट

इंग्लंडांत नॉटिंगहॅमशायर परगण्यांत रॅटक्लिफ-ऑन-सोअर या नांवाचें एक वीजघर होतें. ३० सप्टेंबर २०२४ रोजीं तें बंद झालें, आणि दगडी कोळसा जाळून वीज उत्पन्न करण्याचा ब्रिटनमधील व्यवहार संपला. १८८२ सालीं लंडनमधील होबर्न व्हायाडक्ट येथें हा व्यवहार सुरू झाला होता. तेव्हां त्याचें एकंदर आयुष्य १४२ वर्षांचें झालें. ज्या परगण्यांत हा शेवट झाला त्याच परगण्यांत, तेथून थोड्या मैलांवर, ईस्टवुड नांवाचें खाणकामगारांचें गांव आहे. तेथें १८८५ सालीं एका खाणकामगाराच्या घरीं डी. एच. लॉरेन्सचा जन्म झाला. त्याच १८८५ सालीं पॅरिसमध्यें एमिल झोलाची 'जर्मिनल' ही कादंबरी पुस्तकरूपानें बाहेर पडली. हा निव्वळ योगायोग आहे. त्यावरून कोणताहि सिद्धांत काढावयाचा नाहीं. परंतु कोळशाच्या युगाचें वाङ्मय चाळावयास बसलेल्या मनुष्यास तो सोयीचा आहे, कारण या दोघांइतकें खोल त्या अंधारांत दुसरें कोणी उतरलें नाहीं, असें आमचें मत आहे.

अर्थशास्त्राच्या परिभाषेंत अलीकडे 'न्याय्य स्थित्यंतर' असा एक शब्द रूढ झाला आहे. त्याचें मूळ अमेरिकेंतील तेल, रसायन व अणुशक्ति यांच्या कारखान्यांतील कामगारसंघाचे पुढारी टोनी माझोकी यांच्या विचारांत सांपडतें. जो धंदा अपायकारक म्हणून समाजच बंद करूं पाहतो, त्यांतील मजुराच्या पोटाची व पुढील शिक्षणाची तरतूदहि समाजानेंच केली पाहिजे, असें त्यांचें म्हणणें होतें. २०१५ सालच्या पॅरिस येथील हवामानविषयक कराराच्या प्रस्तावनेंत ही कल्पना येऊन बसली, आणि तेव्हांपासून तिच्यावर अहवालांचा वर्षाव चालू आहे. हे अहवाल निरुपयोगी आहेत असें म्हणण्याचा उद्धटपणा वाङ्मयाच्या अध्यापकानें करूं नये. तथापि त्यांतील पुष्कळांत खाणीचें गांव म्हणजे कांहीं हजार नोकऱ्या आणि नोकरी म्हणजे एक पगार, एवढाच हिशेब असतो. एका नोकरीच्या जागीं दुसरी ठेवली कीं हिशेब जुळला! कादंबरीकारांनीं हा हिशेब पूर्वींच मांडून पाहिला होता, आणि तो त्यांस जुळला नव्हता. कां जुळला नाहीं हें समजण्यास त्यांच्या कादंबऱ्यांचे शेवट पाहणें बरें. लेखकाची जी अडचण मधल्या प्रकरणांत झांकून जाते ती शेवटीं उघडी पडते.

'जर्मिनल' लिहिण्यापूर्वीं, १८८४ च्या फेब्रुवारींत, झोला उत्तर फ्रान्समधील आंझां येथें गेला. तेथें त्या वेळीं खाणकामगारांचा संप चालू होता. तो खाणींत उतरला, मजुरांशीं बोलला, टिपणें केलीं. आणि त्या टिपणांचा प्रामाणिकपणा पुस्तकाच्या पानापानांत दिसतो. संपाचें कारणच पाहावें. एखाद्या सामान्य लेखकानें येथें एक क्रूर मुकादम उभा केला असता. झोलाची कंपनी केवळ हिशेबाची पद्धत बदलते. खाणीच्या छतास लाकडी टेकू देण्याचें काम पूर्वीं कोळशाच्या डब्याच्या दरांतच धरलेलें असे. आतां टेकूंचे पैसे निराळे मिळतील आणि डब्याचा दर उतरेल, असें ती जाहीर करते. आणि हें सर्व मजुरांच्या सुरक्षिततेसाठीं! कागदावर दोन्ही बाजू सारख्या दिसतात. खाणींत मात्र त्याचा अर्थ मजुरी कमी झाली एवढाच होतो, आणि तो अर्थ निरक्षर मजुरांसहि तत्काळ कळतो. नव्या धोरणाचा मसुदा वाचतांना प्रत्येक सुशिक्षित मनुष्यानें हें प्रकरण जवळ ठेवावें.

पुढें संप चिघळतो, सोजिरांच्या गोळीनें माहू मरतो, सुव्हारिन नांवाचा रशियन अराजकवादी खाणीच्या विहिरीचें अस्तर कापून ठेवतो आणि सारी खाण पाण्यानें भरते. शेवटीं नायक एतिएन वसंतांतल्या एका सकाळीं पॅरिसच्या वाटेस लागतो, आणि पायांखालच्या जमिनींत कांहीं रुजत आहे असा त्यास भास होतो. कादंबरीचें नांवहि फ्रेंच राज्यक्रांतीच्या पंचांगांतील वसंतमासावरून घेतलेलें आहे. हा शेवट टीकाकारांनीं फार वाखाणला आहे. आम्हांस तो झोलाच्या इच्छेंतून आलेला वाटतो, निरीक्षणांतून आलेला वाटत नाहीं. खरा शेवट त्याच्या जरा अगोदर येऊन गेलेला असतो. माहूच्या बायकोनें, संपाच्या ऐन भरांत, घरांतील जो कोणी पुन्हां खाणींत उतरेल त्याचा गळा आपण स्वतः घोटूं, असें बजावलेलें असतें. तीच बाई, नवरा आणि मुलें गमावल्यावर, चाळिशीच्या वयांत मजुराचे कपडे घालून पिंजऱ्यांत उभी राहते. तिला मिळालेलें काम म्हणजे खालच्या तापलेल्या बोगद्याच्या टोकाशीं एक लहानसा पंखा हातानें फिरवीत राहणें, तेंहि दहा दहा तास. तिच्यापुढें दुसरा मार्ग नसतो. एतिएनला पॅरिस आहे. तिला काय आहे? झोलाला याचें उत्तर ठाऊक नव्हतें, आणि तें ठाऊक नसल्याचें त्यानें वसंताच्या वर्णनानें झांकलें.

या कादंबरींत बताई नांवाचा एक म्हातारा घोडा आहे. वर्षानुवर्षें तो जमिनीखालींच असतो. त्यास आपल्या जन्मस्थानाची, नदीकांठच्या एका गिरणीची, अंधुक आठवण येते: भोंवतालीं सदा वारा वाहणारीं शेतें आणि वर हवेंत जळणारा एक मोठा दिवा, ज्याचें रूप त्यास आतां आठवत नाहीं. आज पवनचक्क्या आणि सूर्यशक्ति यांचीं वर्णनें वाचतांना हा घोडा आम्हांस हटकून आठवतो. झोलाच्या मनांत अर्थात् असें कांहीं नव्हतें. घोडा पुराच्या पाण्यांत बुडून मरतो, आणि तें वर्णन ज्यानें वाचलें असेल तो तें विसरणार नाहीं. उत्तर फ्रान्सच्या त्या पट्ट्यांतील शेवटची खाण १९९० च्या डिसेंबरांत बंद झाली. २०१२ सालीं तो प्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादींत गेला, आणि त्याच वर्षीं लांस येथें एका जुन्या खाणीच्या जागेवर लूव्र संग्रहालयाची शाखा उघडली. चित्रें पाहावयास लोक येतात ही चांगलीच गोष्ट आहे.

लॉरेन्सचा मार्ग निराळा. 'सन्स अँड लव्हर्स' (१९१३) मधील वॉल्टर मॉरेल हा खाणकामगार दारुडा आहे, बायकोवर हात टाकणारा आहे, आणि मुलांस तो नकोसा झालेला आहे. लेखकाची सहानुभूति आईकडे. आणि आईचा निर्धार असा कीं आपला एकहि मुलगा खाणींत जातां कामा नये. परंतु याच पुस्तकांत एक लहानसें चित्र आहे. संध्याकाळीं मॉरेल घरीं काम करावयास बसतो: बूट दुरुस्त करतो, किटलीला डाग देतो, किंवा सुरुंगासाठीं वाती तयार करतो. गव्हाच्या काड्या सारख्या लांबीच्या कापून त्यांत बंदुकीची दारू भरावयाची आणि तोंड साबणानें बंद करावयाचें. अशा वेळीं मुलें त्याच्या भोंवतीं जमतात, तो त्यांस खाणींतल्या घोड्याच्या गोष्टी सांगतो, आणि तेवढ्या वेळापुरता तो घरांत परका राहत नाहीं. हें पान लॉरेन्सनें बापाची कीव येऊन लिहिलेलें नाहीं. हातांत कसब असलेला मनुष्य कसबाचें काम करीत असतांना कसा दिसतो, एवढेंच त्यानें दाखविलें आहे. नोकरी गेली म्हणजे पगार जातो. पण ह्या मनुष्यास मुलांपुढें उजळ करणारी जी एकच गोष्ट होती तीहि जाते, आणि तिची रक्कम कोणत्या रकान्यांत मांडावयाची?

येथें एक शंका कोणीहि घेईल, आणि ती रास्त आहे. ज्या आईनें मुलांस खाणीपासून वांचविण्यासाठीं जन्म घालविला तिच्याच नातवंडांनीं १९८४ सालीं खाणी चालू ठेवण्यासाठीं वर्षभर उपाशी राहून संप कां केला? आमच्या मतें यांत विसंगति नाहीं. मॉरेलबाईनें मुलांसाठीं दार उघडलें होतें. १९८४ सालीं दार उघडलें नाहीं, घरच पाडलें. ज्या मजुरास आपला मुलगा शिकून मास्तर व्हावा असें वाटतें त्यासहि, मुलगा मास्तर होईपर्यंत खाण उभी राहिली पाहिजे, असें वाटतें. एवढी साधी गोष्ट आंकड्यांत बुडालेल्या मंडळीस उमगत नाहीं.

लॉरेन्सच्याच 'विमेन इन लव्ह' (१९२०) मध्यें एका खाणीच्या नूतनीकरणाचें एक प्रकरण आहे. कोळशाच्या वाङ्मयांत त्यापेक्षां अधिक दूरदर्शी पानें आम्हांस माहीत नाहींत. वृद्ध खाणमालक दयाळू ख्रिस्ती गृहस्थ. मजुरांचा बाप होऊं पाहणारा. त्याचा मुलगा जेराल्ड कारभार हातीं घेतो. तो दुष्ट नाहीं, लोभीहि नाहीं; त्यास सारें यंत्र नीट चालावयास हवें आहे. तो शिकलेले इंजिनियर आणतो, विजेचा मोठा कारखाना उभारतो, अमेरिकेहून कोळसा कापण्याचीं यंत्रें मागवितो. मयत मजुरांच्या विधवांस आजवर कंपनीकडून कोळसा मिळत असे. यापुढें त्याची किंमत त्यांनीं मोजावी, असा तो हुकूम काढतो. ही किंमत किती क्षुल्लक! आणि तरी सारा बदल त्या एका हुकमांत उतरला आहे. लॉरेन्स पुढें जें म्हणतो तें याहून धक्का देणारें आहे. मजूर प्रथम कुरकुरतात, मग वश होतात, आणि पुढें पुढें त्या कार्यक्षमतेंत त्यांस एक प्रकारचें समाधानहि वाटूं लागतें. येथें लॉरेन्स अतिशयोक्ति करतो काय? थोडी करतो. परंतु स्वच्छ शक्तीचा पुरस्कार करणाऱ्या आपणां सर्वांत जेराल्डचा एक अंश आहे, हें नाकारतां येईल असें वाटत नाहीं. आपलें साध्य चांगलें आहे या खात्रीमुळें विधवेच्या कोळशाकडे आपलेंहि दुर्लक्ष होतें.

लोकप्रियतेच्या दृष्टीनें मात्र या सर्वांवर ताण केली ती रिचर्ड लुएलिनच्या 'हाऊ ग्रीन वॉज माय व्हॅली' (१९३९) या पुस्तकानें. आईच्या निळ्या फडक्यांत कपडे बांधून ह्यू मॉर्गन वेल्समधील आपलें खोरें सोडून निघाला आहे आणि निघतां निघतां सारें आठवीत आहे, अशी त्याची योजना. भाषा गोड, कुटुंब आदर्श, भजनें मधुर. १९४१ सालीं जॉन फोर्डनें त्यावर चित्रपट काढला, आणि त्यांतलें वेल्स कॅलिफोर्नियांत उभारलें. तें गैर झालें नाहीं, कारण पुस्तकांतलेंहि बरेंचसें वेल्स असेंच उभारलेलें आहे. आपला जन्म वेल्समधला असें लुएलिन सांगत असे. तो लंडनजवळ हेंडन येथें जन्मला होता. जन्मस्थानावरून ग्रंथाची पारख करणें बरोबर नव्हे. पुस्तकाचा खरा दोष हा कीं त्यांतील गतकाळ इतका निर्मळ आहे कीं वर्तमानाशीं त्याचें कांहीं देणेंघेणेंच उरत नाहीं. वाचक डोळे पुसतो आणि पुस्तक मिटतो.

परंतु एका गोष्टींत हा गोडबोल्या लेखक इतरांच्या पुढें गेला आहे, आणि ती त्याच्या पदरीं टाकली पाहिजे. खाणींतून निघालेल्या दगडमातीचा काळा ढीग त्याच्या कादंबरीभर वाढत राहतो. शेवटीं तो मॉर्गनांच्या घरावर येऊन रेलतो, आणि ह्यूच्या निघण्यास तोहि कारण होतो. २१ ऑक्टोबर १९६६ रोजीं दक्षिण वेल्समध्यें अ‍ॅबरफॅन येथें असाच एक ढीग पावसाच्या पाण्यानें भिजून घसरला आणि गांवच्या शाळेवर आला. १४४ माणसें मेलीं, त्यांपैकीं ११६ मुलें. चौकशींत दोष सरकारी कोळसा मंडळाचा ठरला. तरीसुद्धां उरलेले ढीग हलविण्याच्या खर्चासाठीं त्या दुर्दैवी गांवाकरितां लोकांनीं जमविलेल्या निधींतून दीड लाख पौंड घेण्यांत आले. ते परत मिळावयास १९९७ साल उजाडलें, आणि तेहि व्याजाशिवाय. झोलाच्या टेकूंचा हिशेब आणि हा हिशेब एकाच हातचा आहे.

ऑर्वेलचें 'द रोड टु विगन पिअर' (१९३७) ही कादंबरी नव्हे; पण तें येथें वगळतां येत नाहीं. कोळशाच्या तोंडापर्यंत पोंचण्यास वांकून, रांगत किती चालावें लागतें, आणि तें चालणें मजुरीच्या तासांत धरलें जात नाहीं, हें त्यानें स्वतःच्या गुडघ्यांवरून सांगितलें. बेकार लोक टाकाऊ ढिगाऱ्यांतून कोळशाचे तुकडे वेंचण्यासाठीं कशी झोंबाझोंबी करतात, तेंहि त्यानें पाहिलें. त्याच्या पुस्तकाचा पाया असा कीं वर बसून लिहिणारा, वाचणारा व कविता करणारा प्रत्येक मनुष्य त्या अंधारांतल्या पाठीवर उभा आहे, आणि ही गोष्ट विसरणें त्यास अगदीं सोपें जातें. कोळसा गेल्यानें हें विधान जुनें झालेलें नाहीं. बॅटऱ्यांस लागणारें कोबाल्ट मुख्यतः कांगोच्या खाणींतून येतें, आणि तेथें हातानें खोदणारीं माणसें आहेत. स्वच्छ शक्तीसहि तळघर आहे. तें आतां आपल्या देशाबाहेर गेलें, एवढेंच.

आतां खऱ्या शेवटाकडे वळूं. ब्रिटनमधील खाणी हवा शुद्ध करण्यासाठीं बंद झाल्या, अशी समजूत अलीकडे पसरूं लागली आहे. ती चुकीची आहे. १९८४ च्या मार्चमध्यें कोळसा मंडळानें खाणी बंद करण्याचा बेत जाहीर केला तेव्हां प्रश्न किंमतीचा होता, आणि कामगारसंघाचें बळ मोडण्याचाहि होता. संप ३ मार्च १९८५ रोजीं संपला. पुढें १९९० नंतर समुद्रांतील नैसर्गिक वायूवर चालणारीं वीजघरें उभीं राहिलीं, आणि कोळसा परदेशांतून स्वस्त येऊं लागला. शेवटची खोल खाण, यॉर्कशायरमधील केलिंग्ली, २०१५ च्या डिसेंबरांत बंद झाली, तरी वीजघरें आणखी नऊ वर्षें कोळसा जाळीतच होतीं. म्हणजे मजूर अगोदर गेला आणि धूर मागाहून. खाणींच्या जागीं काय आलें? डर्बीशायरमध्यें शायरब्रुक येथील खाणीच्या जागेवर कपड्यांच्या एका मोठ्या दुकानदाराचें गोदाम आलें. २०१६ सालीं पार्लमेंटच्या समितीनें तेथील कामाच्या रीतीस व्हिक्टोरियाकालीन 'वर्कहाउस'ची उपमा दिली. नोकऱ्या मिळाल्या नाहींत असें कोण म्हणेल?

या काळाची पूर्वछाया बॅरी हाइन्सच्या 'अ केस्ट्रल फॉर अ नेव्ह' (१९६८) या लहानशा कादंबरींत आहे. बार्न्सलीकडच्या खाणगांवांतला बिली कॅस्पर हा मुलगा शाळा सोडण्याच्या वयाचा आहे. नोकऱ्या लावून देणारा अधिकारी त्याची मुलाखत घेतो, आणि खाणींत जाणार काय म्हणून विचारतो. बिली नाहीं म्हणतो. मग काय येतें, काय आवडतें? बिली गप्प. याच मुलानें चोरलेल्या पुस्तकावरून ससाणा शिकविण्याची विद्या हस्तगत केलेली असते, आणि वाचकास तें ठाऊक असतें. छापील अर्जांत त्या विद्येस जागा नसते, आणि तिची किंमत होते हें बिलीच्याहि डोक्यांत येत नाहीं. त्याचा भाऊ खाणीवर कामास आहे. तोच रागाच्या भरांत ससाणा मारतो. हाइन्स उपदेश करीत नाहीं. मुलगा पांखरास पुरतो आणि जाऊन निजतो. कोळशाच्या वाङ्मयांतील हा सर्वांत प्रामाणिक शेवट म्हणावयास हरकत नाहीं.

याहून चांगलें होऊं शकलें असतें काय? जर्मनींत रूरच्या खोऱ्यांत कांहीं अंशीं झालें. तेथें शेवटची खाण २१ डिसेंबर २०१८ रोजीं बंद झाली. परंतु बोखुम येथें विद्यापीठ १९६५ सालींच उघडलें होतें, म्हणजे अर्धशतक अगोदर. तरीहि जमीन खचल्यामुळें तेथील पंप कायमचे चालू ठेवावे लागणार आहेत, आणि त्या खर्चासाठीं एक निधि उभारलेला आहे. हॉलंडमध्यें लिंबुर्गच्या खाणी १९६५ ते १९७४ या काळांत बंद केल्या, कारण उत्तरेस ग्रोनिंगेनला नैसर्गिक वायु सांपडला होता. पुढें वायु काढून काढून तेथील जमीन हादरूं लागली, घरांच्या भिंती तडकल्या, आणि २०२३ च्या ऑक्टोबरांत तो उपसाहि थांबला. इकडे हेर्लेन गांवीं बुडालेल्या खाणींतील कोमट पाण्यानें घरें ऊबदार करण्याची योजना चालू झाली आहे. झोलाची बुडालेली खाण आठवून एखाद्या कादंबरीकारानें या पाण्यावर लिहावें.

आमच्या देशांत तर शेवटाची गोष्ट दूरच आहे. २०७० पर्यंत कर्बउत्सर्गाचा हिशेब शून्यावर आणण्याचें अभिवचन भारतानें २०२१ सालीं ग्लासगो येथें दिलें. आणि २०२४-२५ सालीं देशांत १०० कोटी टनांच्या वर कोळसा निघाला. सूर्य राजस्थान-गुजराथेंत स्वस्त आहे, आणि कोळसा झारखंड, ओरिसा, छत्तीसगड व आमच्या चंद्रपूरकडे आहे. एका प्रांतांतील मजुराची भाकरी दुसऱ्या प्रांतांतील उन्हानें भाजली जाणार नाहीं. झरियाची आग १९१६ पासून धुमसत आहे, आणि कोळशाच्या पोत्यांनीं लादलेल्या सायकली ढकलीत नेणारे लोक ऑर्वेलच्या वेंचणाऱ्यांचे सख्खे भाऊ शोभतात. ते कोणत्याहि कंपनीच्या पटावर नसल्यामुळें नुकसानभरपाईच्या यादींतहि येणार नाहींत. बंगालींत शैलजानंद मुखोपाध्याय यांनीं राणीगंजकडील संथाळ मजुरांवर कथा लिहिल्या. हिंदींत संजीव यांची 'सावधान! नीचे आग है' ही कादंबरी २७ डिसेंबर १९७५ च्या चासनाला येथील दुर्घटनेवर उभी आहे. त्या दिवशीं साडेतीनशेंहून अधिक माणसें खाणींतच बुडालीं.

मराठींत धंदा बुडाल्यानंतरचें घर कसें असतें तें खाणीनें नव्हे, गिरणीनें शिकविलें. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईंत सुमारें अडीच लाख गिरणीकामगारांचा संप सुरू झाला. गिरण्या पुढें गेल्या आणि त्यांच्या जागांवर बाजार व मनोरे आले. जयंत पवार यांच्या 'अधांतर' (१९९७) या नाटकांत त्या संपानंतरची एक चाळ आहे. त्यांत गिरणी दिसत नाहीं, संप दिसत नाहीं. दिसतात तीं मोठीं झालेलीं मुलें, प्रत्येक आपापल्या वाटेनें भरकटलेलें, आणि मधें आई. झोलानें जी बाई पिंजऱ्यांत सोडून दिली तिचें पुढें काय झालें, याचें उत्तर पॅरिसपेक्षां लालबाग-परळांत अधिक मिळतें. चंद्रपुरास २९२० मेगावॅटचें वीजघर आहे, भोंवतालीं खाणी आहेत, आणि त्यांवर वाढलेली दुसरी-तिसरी पिढी आज शाळा-कॉलेजांत आहे. त्यांच्यांतील कोणी लिहावयास बसेल तर त्यानें लुएलिन वाचूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. आगगाडीच्या लांब प्रवासांत तो चांगला सोबती आहे. परंतु 'विमेन इन लव्ह' मधील जेराल्डचें तें प्रकरण आणि 'सन्स अँड लव्हर्स' मधील गव्हाच्या काड्यांचें तें पान, हीं दोन त्यानें अगोदर वाचावीं, आणि वाचून झाल्यावर आपल्या बापास, तो संध्याकाळीं घरीं असतांना, त्याच्या कामाविषयीं चार प्रश्न विचारावेत.